आधी घरी, मग जगाला

(दहावी १९८१ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले असून वक्त्याने एकदा नजरेखालून घातले आहे. – संपादक मंडळ)

पहिल्या रांगेत बसलेले माझे सर्व गुरुजन, आणि मागच्या रांगांमध्ये अजूनही कुजबुज करणाऱ्या माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो,

सकाळी सरांनी जुन्या हजेरीपटावरून हजेरी घेतली. माझं नाव आल्यावर मी 'हजर' म्हणालो, तर मागून कुणीतरी ओरडलं, "सर, खोटं बोलतोय, हा कधीच हजर नसतो!" तेव्हा हसलो, पण ते वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. कारण मी आयुष्यभर ज्या कामात होतो, त्या कामात सगळ्यात जास्त ऐकलेला आरोप हाच: खोटं बोलताय.

संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू मिलिटरीत होतास, काहीतरी थरारक सांग." तेव्हा पहिली दुरुस्ती करतो. मी सैनिक नव्हतो. मी भारतीय माहिती सेवेतला माणूस. नोकरीतली बरीचशी वर्षं संरक्षण मंत्रालयाच्या जनसंपर्क संचालनालयात गेली. काही वर्षं प्रादेशिक कार्यालयांत, बाकीची दिल्लीत, आणि शेवटची काही वर्षं तिथल्या माध्यम विभागाची एक तुकडी माझ्याकडे होती. बंदूक मी एनसीसीत धरली तेवढीच, आणि ती कशी धरली ते आपले एनसीसीचे सर सांगतील. नेम फळ्याला लागला होता.

माझी तिथली पहिली खुर्ची 'सैनिक समाचार'ची. हे मासिक नव्हे, पाक्षिक. १९०९ साली 'फौजी अखबार' म्हणून ते उर्दूत सुरू झालं, १९५४ साली त्याचं नाव बदललं. आज ते तेरा भाषांत निघतं, त्यात आपली मराठीही आहे. मराठी अंकाची मुद्रितं तपासताना मला आपल्या मराठीच्या बाईंची लाल शाई रोज आठवायची.

बाई, आज तुम्ही इथे आहात म्हणून एक गोष्ट सांगतो. ती तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. १९७९ सालचा जुलै. आम्ही नववीत. स्कायलॅब पडणार म्हणून सगळा मुलूख घाबरलेला. काही घरांत 'मरायचंच आहे तर खाऊन मरू' म्हणून पुरणपोळ्या झाल्या होत्या. मी तेव्हा शाळेच्या वार्ताफलकाचा प्रमुख. त्या दिवशी मी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "स्कायलॅब आज दुपारी आपल्या तालुक्यावर कोसळणार." मधल्या सुट्टीनंतर निम्मी शाळा रिकामी. पाचवीतली दोन मुलं रडत रडत घरी पळाली.

बाईंनी मला फळ्यासमोर उभं केलं. मारलं नाही. तीन प्रश्न विचारले. "हे कुणी पाहिलं? तुला कुणी सांगितलं? आणि ज्यानं सांगितलं त्याला कुठून कळलं?" पहिल्याचं उत्तर, कुणीच नाही. दुसऱ्याचं, एसटी स्टँडवरच्या पानवाल्यानं. तिसऱ्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाई म्हणाल्या, "मग पूस." आणि मी पुसत असताना म्हणाल्या, "फळा पुसला जाईल रे, पण ती पोरं आज रात्री झोपतील का?" स्कायलॅब त्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. आपल्या तालुक्यात फक्त माझी अब्रू पडली.

पुढे मी दिल्लीत जे शिकलो, जे शिकवलं, ते सगळं या तीन प्रश्नांचंच मोठं रूप आहे. आता त्याला 'स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन' असं भारदस्त नाव आहे. लष्कराच्या मुख्यालयात त्या नावाचं स्वतंत्र अतिरिक्त महासंचालनालयही आहे. नाव ऐकून वाटतं, काहीतरी गुप्त, डावपेचाचं असणार. डावपेच असतोच. पण काम साध्या भाषेत सांगायचं तर असं: युद्धाच्या किंवा चकमकीच्या वेळी तुम्ही एक वाक्य बोलता आणि ते चार जण एकाच वेळी ऐकतात. आपला देश ऐकतो, समोरचा शत्रू ऐकतो, बाकीचं जग ऐकतं, आणि ज्याचा मुलगा तिथे उभा आहे ते घर ऐकतं. चौघांना वेगवेगळं सांगता येत नाही. वाक्य एकच.

एक उदाहरण देतो. २९ सप्टेंबर २०१६ला लष्करी कारवायांचे महासंचालक लेफ्टनंट जनरल रणबीर सिंग यांनी सर्जिकल स्ट्राइकची माहिती दिली. देशानं त्यातलं 'आम्ही मारलं' एवढंच ऐकलं. पण त्याच निवेदनात असंही होतं की कारवाई थांबली आहे, ती पुढे चालू ठेवण्याचा विचार नाही, आणि आपण पाकिस्तानच्या समपदस्थ अधिकाऱ्यालाही हे कळवलं आहे. हा भाग टाळ्यांसाठी नव्हता. तो पलीकडच्या माणसासाठी होता: इथे थांबता येईल, थांबा. ७ मे २०२५च्या पहाटे 'ऑपरेशन सिंदूर'चं पहिलं निवेदन आलं, त्यातही कारवाई मोजकी आहे, पाकिस्तानच्या लष्करी ठाण्यांना लक्ष्य केलेलं नाही, हे मुद्दाम सांगितलं होतं. असा एकेक शब्द ठरवायला वेळ लागतो, कारण तो चुकला तर त्याची किंमत आपण देत नाही, सीमेवरचा माणूस देतो.

आता विचाराल, मग खरं-खोटं कुठे आलं यात? तिथेच तर सगळं आलं. १९७१ सालच्या युद्धात जनरल माणेकशा यांच्या नावानं ढाक्यातल्या पाकिस्तानी सैन्याला रेडिओवरून संदेश जात होते: शरण या, तुम्हाला जिनिव्हा करारानुसार वागवलं जाईल. शेवटी सुमारे ९३,००० जण युद्धकैदी झाले. त्यांना हरवलं ते आपल्या सैन्यानं, रेडिओनं नव्हे, हे उघड आहे. पण शस्त्र खाली ठेवणाऱ्याला समोरच्याच्या शब्दावर थोडा तरी भरवसा लागतो. शब्दाची अशी पत एका दिवसात तयार होत नाही, आणि जाते मात्र एका दिवसात.

कारगिलच्या वेळी, १९९९ साली, मी दिल्लीत कनिष्ठ अधिकारी होतो. फायली आणि नकाशे उचलणं हे माझं काम. परराष्ट्र मंत्रालयाचे रमिंदर जस्सल, लष्कराचे कर्नल बिक्रम सिंग, जे पुढे लष्करप्रमुख झाले, आणि हवाई दलाचे एअर कमोडोर सुभाष भोजवानी, असे तिघे रोज पत्रकारांसमोर बसत. २७ मेला आपली दोन विमानं गेली, दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर पडलं. ते सांगितलं गेलं. आमच्यातल्या काहींना वाटत होतं, एवढ्यात कशाला सांगायचं? पण वाईट बातमी आपल्या तोंडून आधी ऐकली, म्हणून पुढे ४ जुलैला टायगर हिल घेतल्याचं सांगितलं तेव्हा लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. जूनमध्ये मुशर्रफ आणि त्यांचे जनरल अझीझ यांच्यातल्या फोनच्या टेप जाहीर झाल्या. 'हे आमचं सैन्य नाही, मुजाहिदीन आहेत' हा पाकिस्तानचा दावा जगापुढे कोसळला, कारण ऐकवलेली गोष्ट खरी होती.

सगळंच बरोबर झालं असं नाही. त्याच काळात केबलवर पाकिस्तान टीव्ही बंद केला गेला. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की आपलं खरं असताना दुसऱ्याचं ऐकू न देणं म्हणजे स्वतःच्या खऱ्यावर शंका घेणं. नंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीनं आपल्या अहवालात माध्यमं आणि माहिती या विषयाचाही स्वतंत्र विचार केला. म्हणजे एवढ्या मोठ्या युद्धानंतर शहाण्या माणसांना हे काम शोभेचं वाटलं नाही.

आता जे सांगायला मी खरं तर इथे उभा राहिलोय, ते सांगतो. कारगिलनंतर काही वर्षांनी मी एका प्रादेशिक कार्यालयात होतो. एका रात्री चकमक झाली, आपला एक जवान गेला. अशा वेळी पद्धत ठरलेली असते. पलटणीकडून रेकॉर्ड ऑफिसला कळतं, तिथून घरी कळवण्याची व्यवस्था होते. कधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, कधी पोलीस, कधी गावातलाच कुणी माजी सैनिक निरोप घेऊन जातो. घरी कळल्याचा निरोप उलट येईपर्यंत नाव बाहेर द्यायचं नाही. मला हे पाठ होतं.

रात्री साडेनऊला एका मराठी वाहिनीच्या वार्ताहराचा फोन आला. अनेक दिवसांत कुणी मराठीत बोललं नव्हतं. त्यानं नाव विचारलं, मी दिलं नाही. त्यानं गाव विचारलं, मी दिलं नाही. मग तो म्हणाला, "साहेब, आपल्याकडचा आहे का, एवढं तरी सांगा." आणि मी म्हणालो, "हो, आपल्या साताऱ्याकडचा आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचा." फोन ठेवला. मला वाटलं, मी नियम पाळला.

दहा मिनिटांत पडद्याखाली पट्टी सुरू झाली. 'सातारा जिल्ह्यातील जवानाला वीरमरण.'

आपला जिल्हा कसा आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. अपशिंगे मिलिटरी हे गाव आपल्याकडेच आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. ज्या जिल्ह्यात गावाच्या नावालाच 'मिलिटरी' लागतं, तिथे त्या रात्री किती घरांत ती पट्टी वाचली गेली असेल? त्या वेळी प्रत्येकाच्या खिशात मोबाइल नव्हता. सीमेवरच्या मुलाला फोन लावून 'तू आहेस ना रे?' असं विचारायची सोय नव्हती.

आपल्यातल्याच एका मित्राचा धाकटा भाऊ तेव्हा त्याच रेजिमेंटमध्ये होता. त्याची परवानगी घेऊन सांगतोय. त्याची आई, म्हणजे आपल्या सगळ्यांना डब्यातून लसणाची चटणी पाठवणाऱ्या काकू, रात्रभर टीव्हीसमोर बसून होत्या. वाहिनीचे कार्यक्रम संपले, तरी उठल्या नाहीत. सकाळी कळलं, तो आपला नव्हे, पलीकडच्या तालुक्यातला. काकूंच्या तोंडून पटकन शब्द गेला, "देवा, वाचवलंस रे." आणि मग त्या रडायला लागल्या. कारण त्याच क्षणी पलीकडच्या तालुक्यात दुसरी आई होती. मित्र सांगतो, त्या 'वाचवलंस'ची काकूंना शेवटपर्यंत लाज वाटत राहिली.

हे त्यानं मला पुढे कितीतरी वर्षांनी, एका लग्नात, सहज सांगितलं. 'त्या वाहिनीवाल्यांना काही आहे का?' असं म्हणाला. मी जेवणाचं ताट हातात घेऊन उभा होतो. 'ती ओळ मी दिली' हे मी तेव्हा सांगितलं नाही. काल संध्याकाळी, या मेळाव्याच्या आदल्या दिवशी, त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग आत जाऊन पाणी घेऊन आला. म्हणाला, "उद्या सांग. सगळ्यांना सांग."

बाई, फळा पुसला जातो, पण ती रात्र पुसली जात नाही. नाव न देताही मी भीती दिली होती, आणि एका घराला नाही, जिल्ह्यातल्या अनेक घरांना. पुढे माझ्या हाताखाली तुकडी आली तेव्हा मी खोलीतल्या फळ्यावर एकच ओळ लिहून ठेवली: 'आधी घरी, मग जगाला.' घरी कळल्याचा निरोप येईपर्यंत नाव नाही, गाव नाही, जिल्हा नाही, राज्यही नाही. पत्रकार चिडायचे. वरिष्ठ म्हणायचे, "अरे, प्रादेशिक वाहिन्यांवर आधीच चाललंय, आपण कशाला अडवतोय?" मी म्हणायचो, चालू दे. त्यांच्या पट्टीवर शंका घेता येते. आपण बोललो की शंकेला जागा राहत नाही.

आणि एक. आपण सर्रास 'शहीद' म्हणतो, पण संरक्षण मंत्रालयाच्या कागदपत्रांत तो शब्द नसतो. तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' लिहितात. मला तो कोरडा शब्द सुरुवातीला खटकायचा. नंतर कळलं, गौरव करणं हे समाजाचं काम. कागदाचं काम आहे नेमकं सांगणं, कारण त्या नेमक्या नोंदीवर मागे राहिलेल्या घराचं पेन्शन ठरतं.

पण 'आधी घरी' याचा अर्थ 'जगाला कधीच नाही' असा नाही. हे मी माझ्याच क्षेत्राबद्दल बोलतोय, म्हणून स्पष्ट बोलतो. १५ जून २०२०च्या रात्री गलवानमध्ये झटापट झाली. दुसऱ्या दिवशी आधी तिघांची माहिती आली, रात्री उशिरा आकडा वीसवर गेला. जखमींची अवस्था आणि तिथली उंची पाहता माहिती टप्प्याटप्प्यानं येणं समजू शकतं, आणि आपण आकडा सांगितला. चीननं आपले चार जण गेल्याचं मान्य करायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला, आणि त्या आकड्यावर आजही फारसं कुणी विश्वास ठेवत नाही. हा फरक लक्षात ठेवा.

पण आपलंही दुसरं उदाहरण आहे. २७ फेब्रुवारी २०१९ला बडगामला आपलं हेलिकॉप्टर पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि एक स्थानिक नागरिक गेले. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ते आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे मान्य केलं ते ४ ऑक्टोबरला. चौकशीला वेळ लागतो, हे मला कळतं. चूक कबूल केली, हेही मोठंच. पण मधल्या सात महिन्यांत कुजबुज सत्यापेक्षा पुढे गेली होती. गप्प राहण्याचा अधिकार सरकारला आहे. शत्रूला उपयोग होईल ते सांगूच नये. मात्र गप्प राहणं फार लांबलं, की लोक ती जागा स्वतःच्या कल्पनेनं भरतात.

त्या कल्पनेला हल्ली फार वेगानं पाय फुटतात. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईत हल्ला झाला, तेव्हा नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरणारे कमांडो आपण घरात बसून थेट पाहिले. पलीकडे बसून हल्लेखोरांना सूचना देणारेही तेच पाहत होते. सर्वोच्च न्यायालयानं २०१२च्या निकालात त्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले आणि २०१५ साली नियम झाला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच. पत्रकार मित्रांना तो जाच वाटतो. मला तो त्या गच्चीवरच्या माणसाचा हक्क वाटतो.

आणि आता आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲप गटाबद्दल. हसू नका. मे २०२५मध्ये माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते. आम्ही रात्रंदिवस कार्यालयात. कराची बंदर आपल्या नौदलानं उद्ध्वस्त केलं, अशी बातमी त्या एका रात्री काही वाहिन्यांवर चालू होती. तसं काही झालेलं नव्हतं. मी फोन उघडला, तर आपल्या गटावर तीच बातमी चार जणांनी टाकलेली, खाली फटाके, तिरंगे, आणि एकानं मला उद्देशून लिहिलेलं, "काय रे, तू तर आतला माणूस, कन्फर्म कर!" मी उत्तर दिलं नाही. तुमच्यावर राग नव्हता. उत्साह मलाही समजतो; पहलगामला गेलेल्या २६ जणांत सहा जण आपल्या महाराष्ट्राचे होते. पण त्याच महिन्याच्या शेवटी सिंगापूरला संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी आपलीही विमानं पडल्याचं मान्य केलं, आणि काय चुकलं ते शोधून दुरुस्त केलं, असं सांगितलं. ती बातमी आपल्या गटावर कुणीच टाकली नाही. फटाकेही नाहीत, प्रश्नही नाही. माझ्या दृष्टीनं त्या सगळ्या महिन्यातली सर्वांत धीराची बातमी तीच होती.

वाहिन्यांना नियम आहे. आपल्या बोटाला नियम नाही. म्हणून या गटासाठी एक विनंती, आणि ती माझी नाही, बाईंची आहे. पुढच्या वेळी असं काही आलं, की पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न: कुणी पाहिलं? तुला कुणी सांगितलं? त्याला कुठून कळलं? तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर पुसा. सैन्याच्या हालचालीचा व्हिडिओ असेल, तर खरा असला तरी पुसा. आणि कुणी गेल्याची बातमी असेल, तर नाव टाकण्याआधी एवढंच आठवा, की त्याच्या घरचं कुणीतरी अजून भाजी चिरत असेल.

काल मित्राकडून निघताना काकूंच्या फोटोला नमस्कार केला. माफी मागायला मला वीसहून जास्त वर्षांचा उशीर झाला. दुसऱ्यांना उशिराबद्दल बोल लावायचा अधिकार मला कितपत आहे, हे तुम्हीच ठरवा. पण उशिरा का होईना, आधी त्या घरी गेलो आणि मग इथे तुमच्यासमोर बोललो. क्रम तेवढा चुकू दिला नाही.

बाई, एवढं चाललं का? लाल शाई काढली तरी चालेल.